यकृताला चुना

"मॅडम, हा चुना कुठं ठेवू?"

सकाळचे सव्वादहा झाले होते. मी हात धुऊन, अ‍ॅप्रन चढवून इन्क्युबेटरचं दार उघडणार, तेवढ्यात आमचे शिपाई हणमंतमामा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात पाच किलोचा पत्र्याचा डबा होता आणि डब्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

"कसला चुना?"

"खायचा. पानमळेवाल्यांच्या संघानं पाठवलाय. चिठ्ठी हाय बघा. 'कॅन्सरवाल्या मॅडमना सप्रेम भेट.'"

"मामा, चुकून आला असेल. रंगकामाला मागवला असेल कुणीतरी."

"रंगकामाच्या चुन्याला हळदकुंकू कोण लावतंय?"

डबा टेबलाखाली ठेवायला सांगून मी वळले, तर गोगटे सर आले. सर माझे गाईड. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी घाईने चालताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते जवळजवळ धावत आले आणि त्यांनी हातातलं वर्तमानपत्र माझ्यासमोर आपटलं.

पान तीन. वर माझा फोटो, डोळे मिटलेला. खाली ठळक अक्षरात: 'चुना खा, यकृत वाचवा! शैलजा मुळीक यांचा कॅन्सरवर क्रांतिकारी शोध.'

ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. मिरज-सांगली रस्त्यावरच्या एका लहानशा विज्ञानसंस्थेत मी पीएच.डी. करत होते. माझा विषय असा, की घरच्यांनी तो लोकांना सांगायचं केव्हाच सोडून दिलं होतं. यकृताच्या कॅन्सरच्या पेशी मी चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत वाढवायचे. त्यांना तेलातलं मेदाम्ल खायला घालायचं, की दोन दिवसांत त्यांच्या पोटात चरबीचे बारीक बारीक थेंब दिसू लागायचे. पेशीच्या आत कॅल्शियमची एक कोठी असते. कोठीचं दार उघडलं, की कॅल्शियम उसळून बाहेर येतं, पेशीला निरोप मिळतो, आणि मग ते पुन्हा आत ओढून घेतलं जातं. ही कोठी औषध घालून रिकामी ठेवली, तर पेशी जास्त चरबी साठवतात, आणि मेदाम्लांचे प्रकारही बदलतात; कोठी नीट भरली, तर चरबी कमी. एवढंच माझं म्हणणं होतं. एवढंच म्हणायला मला चार वर्षं लागली होती.

आदल्या दिवशी विज्ञान दिनानिमित्त सुहास पाटोळे नावाचा बातमीदार आला होता. त्याला मी हे सगळं तासभर समजावून सांगितलं. तो मन लावून लिहून घेत होता. शेवटी उठताना त्याने विचारलं, "कॅल्शियम म्हणजे मॅडम, चुन्यात असतं तेच ना?"

मी म्हणाले, "हो, चुन्यातही असतंच."

"काय सांगितलंत तुम्ही त्याला?" गोगटे सरांनी विचारलं.

"हो म्हणाले, सर."

"कशाला?"

"असतं म्हणून."

सर खुर्चीत बसले. त्यांनी पेपर परत उचलून वाचला. "आणि हे 'क्रांतिकारी' कोण म्हणालं?"

"ते त्याचं आहे."

आम्ही त्याच दिवशी खुलासा पाठवला. दोन पानी, सरांच्या सहीचा. 'सदर संशोधन केवळ प्रयोगशाळेतील पेशींवर असून त्याचा चुन्याच्या सेवनाशी संबंध नाही. चुन्याचे अतिसेवन अपायकारक ठरू शकते.' तिसऱ्या दिवशी तो छापून आला. मथळा होता: 'चुना बेताने खा! मुळीक मॅडमचा मोलाचा सल्ला.'

त्यानंतर पोस्टमन रोज गठ्ठा आणू लागला. चुना पांढरा की गुलाबी? जेवणाआधी की नंतर? शिंपल्यांचा चालेल की दगडाचाच हवा? तासगावच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सुवाच्य अक्षरात विचारलं होतं, की चुना खाणं जमत नसेल, तर झोपायच्या खोलीच्या भिंतींना दिल्यास अंशतः गुण येईल का. संस्थेच्या फाटकाशी माणसं येऊन उभी राहायची. मामा त्यांना आत सोडत नव्हते, पण बाहेर उभ्या उभ्या स्वतःच सल्ला द्यायला लागले होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आणि खरं सांगायचं, तर पहिले काही दिवस मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पुरवठादाराचा माणूस मला पहिल्यांदाच उठून नमस्कार करून गेला. संस्थेच्या अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "खुलासे बिलासे पुरे आता. रविवारी पानमळेवाले तुमचा सत्कार करतायत. जायचं, दोन शब्द बोलायचे. संस्थेचं नाव होतंय." मी मान हलवली. सरांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते.

सत्काराच्या तीन दिवस आधी, गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामा कुणाला तरी घेऊन आत आले. आत सोडायचं नाही असा त्यांचाच नियम होता; म्हणून मी चकित झाले.

"हे बेडगच्या बाजूचे नेमगोंडा चौगुले. संघाचे हायत. डबा ह्यांनीच आणून दिला हुता," मामा म्हणाले आणि निघून गेले.

साठीच्या आसपासचा माणूस. उंच, एके काळी अंगाने भरलेला असणार, कारण सदरा आता खांद्यावरून लोंबत होता. डोळ्यांत पिवळट झाक. मागे त्यांची बायको, हातात पिशवी. पिशवीतून एक्सरेच्या मोठ्या पाकिटाचं टोक बाहेर आलेलं.

"दर्शन घ्यायला आलो," नेमगोंडा म्हणाले. बोलताना त्यांचे शब्द जरा बोबडे येत होते.

"बसा ना, आण्णा. काय झालंय तोंडाला?"

"काय न्हाई. आतनं जरा सोलवटलंय. हरभऱ्याएवढा घेतोय, तीन टायमाला, दह्यातनं. आज बारावा दिवस."

माझ्या हातातला पोळीचा घास तसाच राहिला. "चुना?"

"तुमचाच की इलाज. मिरजेच्या डाक्टरनी यकृतात गाठ हाय म्हणून सांगितलंय. एका बाजूला हाय, काढता येती म्हणाले. आपरेशनची तारीख पण दिली हुती, सोमवारची. मी नगं म्हणून कळवलं."

"कधी?"

"पेपर आला त्याच दिवशी."

मी पुढे काय बोलले ते मला नीट आठवत नाही. खूप बोलले एवढं आठवतं. बाटलीतल्या पेशी निराळ्या, माणूस निराळा. पोटात गेलेला चुना यकृताच्या पेशीतल्या कोठीत जाऊन बसत नाही. माझ्या प्रयोगात चुना कुठे नव्हताच. बातमी चुकीची आहे. आणि चूक माझी आहे, कारण त्या पोराने विचारलं तेव्हा मी फक्त हो म्हणाले, पुढचं बोललेच नाही. नेमगोंडा शांतपणे ऐकत होते. लहान मुलाचं पाठांतर ऐकावं तसं.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "मोठी माणसं असंच म्हणत्यात. आपल्याकडं मोठेपणा घेत न्हाईत."

"आण्णा, मी मोठी नाही हो! मी अजून विद्यार्थिनी आहे!"

"त्या पेशी बघाय मिळतील?"

बाहेरच्या माणसाला आत न्यायचं नाही, हा सरांचा सगळ्यांत कडक नियम. मी दोघांना चपला काढायला लावल्या, अ‍ॅप्रन दिले, आणि इन्क्युबेटरमधून पहिली बाटली काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. आत माझ्या शेवटच्या प्रयोगाच्या सहा बाटल्या होत्या. तीन आठवड्यांचं काम. सोमवारी त्यांतली मेदाम्लं मोजली, की प्रबंधातला शेवटचा तक्ता भरणार होता.

नेमगोंडांनी डोळा लावला.

"माझ्या पोटात ह्याच हायत?"

"ह्याच नाहीत. ह्यांच्या जातीच्या."

"ह्या कुणाच्या?"

"होता एक माणूस. फार वर्षांपूर्वी. त्याच्या गाठीतून काढल्या."

"त्यो बरा झाला?"

"नाही. गेला."

त्यांनी डोळा काढला नाही. "त्यो गेला आन् ह्या ऱ्हायल्या," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "बरं चाललंय की ह्यांचं."

मग ते सरळ उभे राहिले. "टाका."

"काय?"

"चुना. डबा हाय न्हवं तुमच्याकडं? माझ्या डोळ्यांसमोर टाका. बघूया काय हुतंय."

मला वाटलं, बरं झालं. एकदा दिसलं की संपेल. मी टेबलाखालचा डबा ओढला, बोटाच्या पेराएवढा चुना पाण्यात कालवला, निवळी बाटलीत सोडली. बाटलीतलं लालसर पाणी क्षणात गडद गुलाबी झालं. नेमगोंडांनी डोळा लावला. दोन-तीन मिनिटांत पेशी आकसू लागल्या, गोल झाल्या, तळापासून सुटून तरंगायला लागल्या.

"बघा," मी म्हणाले. "बघितलंत? चुन्याने काय होतं?"

नेमगोंडांनी मान वर केली. चेहरा फुलून आला होता.

"मेल्या की!"

"अहो, मेल्या म्हणजे..."

"कॅन्सरच्याच हुत्या न्हवं?"

"हो, पण..."

"मग मेल्या की! पद्मा, बघ ये. सगळ्या मेल्या!"

मी भिंतीला टेकले. बारा दिवसांत मी पहिल्यांदा इलाज सिद्ध करून दाखवला होता.

त्यांची बायको पद्माक्का आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिने डोळा लावून पाहिलं, पदराने भिंग पुसलं, परत पाहिलं. मग माझ्या टेबलावरच्या थर्मासकडे बोट केलं.

"मॅडम, त्यात काय हाय?"

"चहा."

"दुसऱ्या बाटलीत त्यो टाकला, तर?"

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. निवडायला घेतलेल्या पानांकडे बघावं तशी ती बाटलीकडे बघत होती.

मी दुसरी बाटली काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात तारीख होती. झाकण उघडताना हात जरा थांबला, हे कबूल करते. मग कढत चहा ओतला. सगळं गढूळ झालं, म्हणून धुऊन घेतलं आणि भिंगाखाली ठेवलं. नेमगोंडांनी पाहिलं.

"ह्या बी मेल्या," ते जरा हळू आवाजात म्हणाले.

"साबण हाय?" पद्माक्कानं विचारलं.

साबणाने तर डोळा लावायच्या आतच सगळं विरघळलं. माझ्या जेवणाच्या डब्यातल्या पुडीतलं मीठ घातलं. पेशी सुकल्या मनुकांसारख्या. आता नेमगोंडांनाही चेव आला होता. त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी काढली. "हिचं काय हुतंय बघूया," म्हणाले. चिमूटभर चुरून पाण्यात भिजवली, गाळून घातली. तंबाखूला वेळ लागला. आम्ही तिघं पाळीपाळीने डोळा लावत पंधरा मिनिटं थांबलो. तंबाखूनेही मेल्या.

"तंबाखूनं कॅन्सर मरतोय?" नेमगोंडांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात गोंधळ होता.

एक बाटली उरली होती. तिच्यातलं खाद्य मी ओतून टाकलं आणि बेसिनच्या नळाखाली धरून ती भरली.

"हे काय टाकलं?"

"पाणी. नळाचं."

त्यांनी बघितलं. पेशी फुगल्या, काचेसारख्या झाल्या, आणि एकेक करून फुटल्या. ते सगळं संपेपर्यंत त्यांनी डोळा हलवला नाही.

"आण्णा," मी म्हणाले, "बाटलीतल्या पेशी कशानेही मरतात. जगवणंच अवघड असतं. तुम्ही साठ वर्षं पाणी पिताय. मग गाठ झालीच कशी?"

नेमगोंडा स्टुलावर बसले. अ‍ॅप्रनच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं.

"मला ठाव हुतं," ते म्हणाले.

पद्माक्का वळली.

"चौथ्या दिवशीच कळलं हुतं, ह्यानं काय हुत न्हाई म्हणून. तोंड सोललं, पाणी बी गिळता येईना, तवाच कळलं. पण चुना चालू हाय म्हटल्यावर कुणी आपरेशनचं इचारत न्हवतं. धाकल्या भावाला टेबलावर निजवला, त्यो तिथनं उठलाच न्हाई. मला टेबलावर निजायचं न्हाई, पद्मा. मला भ्या वाटतंय."

ती पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांच्या अ‍ॅप्रनची मागची नाडी सोडू लागली, कारण ती गाठ त्यांना सुटत नव्हती. सोडता सोडता म्हणाली, "मग मला सांगायचं. मी काय गावाला सांगणार हुते?"

नेमके तेव्हाच गोगटे सर आत आले. टेबलावर सहा उघड्या बाटल्या, एक गुलाबी, एक तपकिरी, एकीत फेस. चुन्याचा डबा, थर्मास, तंबाखूची पुडी, आणि अनवाणी उभी असलेली दोन अनोळखी माणसं.

"मुळीक," सर म्हणाले, "ही कुठली बॅच?"

नेमगोंडांनी हात जोडले. "सायेब, मॅडमनी सगळ्या मारल्या. माझ्यासाठी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि आले तसे बाहेर गेले.

त्याच दुपारी पद्माक्काने संस्थेच्या फोनवरून मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला. सोमवारची तारीख दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. आधी तोंड बरं होऊ दे म्हणाले, आणि पुढची, दोन आठवड्यांनंतरची मिळाली.

रविवारी मी सत्काराला गेले. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईकसमोर उभी राहून जे घडलं ते सरळ सांगितलं. चुन्याने काही होत नाही. बाटलीतल्या पेशी चहाने मरतात, मिठाने मरतात, साबणाने मरतात, तंबाखूनेही मरतात. म्हणून यातलं काहीही औषध नव्हे. डॉक्टर सांगतील ते करा. टाळ्या कडाडल्या. अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, "फार नम्र बोललात." दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: 'चहा, मीठ, तंबाखूही कॅन्सरवर प्रभावी! मुळीक यांचा दुसरा दणका.'

ह्या वेळी मी खुलासा पाठवला नाही. पाटोळेच्या कार्यालयात गेले आणि त्याच्या संपादकांपुढे बसले, दुरुस्ती पहिल्या पानावर, माझ्याच शब्दांत छापेपर्यंत. ती छापून आली. तिच्याबद्दल मात्र एकही पत्र आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मी पद्माक्काबरोबर बाकावर बसले होते. पाच तास लागले. सर्जन बाहेर आले, मास्क खाली ओढून म्हणाले, गाठीसकट उजवी बाजू काढली, उरलेलं यकृत चांगलं आहे, ते वाढून दोन-तीन महिन्यांत भरून येईल.

"वाढंल?" पद्माक्कानं मला विचारलं. "कापलेलं?"

"हो, अक्का. यकृत वाढतं."

"पानवेलीगत," ती म्हणाली. "उतरण करून खाली घेतली, की परत चढती." एवढं बोलून ती रडायला लागली. पाच तासांत पहिल्यांदाच.

माझा प्रबंध आठ महिने लांबला. सहा बाटल्या पुन्हा वाढवायच्या होत्या. त्यात उन्हाळ्यात वीज जाऊन एक बॅच गेली आणि एक मीच सांडली. शेवटी जे आकडे आले ते माझ्या म्हणण्याशी बऱ्यापैकी जुळले, एका मेदाम्लाचा अपवाद सोडून. ते का जुळलं नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पहिल्या सहा बाटल्यांबद्दल काय लिहायचं, हा प्रश्न होता. सर म्हणाले, "जंतुसंसर्ग लिहा. सगळे तेच लिहितात." मी 'प्रयोगबाह्य कारणासाठी वापरल्या' असं लिहिलं. सरांनी सही केली, पण पेन जरा जोरात टेकवून.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला पुण्याहून एक वयस्कर बाई आल्या होत्या, कडक म्हणून प्रसिद्ध. त्या पानं उलटत नेमक्या तिथेच थांबल्या.

"प्रयोगबाह्य म्हणजे?"

शेजारच्या खुर्चीत सर खाकरले. मला त्याचा अर्थ कळला होता.

"एका पेशंटला दाखवण्यासाठी मारल्या, मॅडम," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. चुन्यापासून नळाच्या पाण्यापर्यंत. सांगताना माझ्या लक्षात आलं, की चार वर्षांच्या कामातला हा एकच भाग मी न अडखळता सांगू शकत होते.

बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

"पेशंट कसे आहेत?"

"मळ्यात जातात, मॅडम. अजून वजन भरलं नाही."

त्यांनी मान हलवली. पेनचं टोपण काढलं, समासात काहीतरी लिहायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"चहात साखर होती का?"

"होती."

"किती?"

"दोन चमचे."

"मग तसं नोंदवायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.